कोपऱ्यावरचं दुकान

डिसेंबरची पंधरा तारीख उलटली की आमच्या घरी एक प्रश्न हटकून निघतो. "यंदा दुकान कधी उघडायचं?" नवख्या पाहुण्याला वाटतं, या माणसांनी खरंच कुठे दुकान थाटलंय की काय! मागे एकदा तर आमच्या सोसायटीतल्या एका बाईंनी मला जिन्यात गाठून विचारलं होतं, "घरगुती मसाले विकता का हो तुम्ही?" तसं काही नाही, मैत्रिणींनो. हे दुकान बुडापेस्टचं आहे, चामड्याच्या पाकिटांचं नि बॅगांचं आहे आणि ते वर्षातून एकदाच, नाताळच्या आदल्या रात्री, आमच्या बाहेरच्या खोलीत उघडतं. 'द शॉप अराउंड द कॉर्नर' हे त्या सिनेमाचं नाव. १९४० सालचा, काळा-पांढरा, अवघा ९९ मिनिटांचा.

आता तुम्ही म्हणाल, गणपती-गौरी करणाऱ्या घरात नाताळ कुठून आला? तर तो सूनबाईंच्या बरोबर आला. सून वसईची, ख्रिस्ती. घरात आपल्यासारखीच मराठी बोलणारी, सासरी आल्यावर पहिल्या आठवड्यात मला भरलं पापलेट शिकवणारी. लग्न २००५ साली नोंदणी पद्धतीनं झालं. माझी तक्रार नव्हती. (खोटं कशाला सांगू? थोडी होती. पण ती पापलेटाबरोबर संपली.) ह्यांचं मात्र तसं नव्हतं. आमचे हे रागावले की आवाज चढवत नाहीत, गप्प होतात. सूनबाईंशी बोलायचं ते माझ्यामार्फत. "तिला म्हणावं, गॅस बारीक कर." ती तीन हातांवर उभी असायची हो! मी मध्ये टपालखात्यासारखी.

त्या पहिल्या डिसेंबरात सूनबाईंनी भीतभीतच विचारलं, "आई, कुलकुल करू का घरात?" मी म्हटलं, कर की. मैदा, थोडा रवा, अंडं, नारळाचं दूध, चिमूटभर मीठ, साखर. गोळा भिजवून झाकून ठेवायचा आणि मग सुपारीएवढी गोळी काट्या-चमच्यातल्या काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची, की शंखासारखा आकार होतो. काटा नसला तर कोरी करकरीत फणीही चालते. अंडं नको असेल त्यांनी ते वगळून दूध किंचित वाढवावं, मोहन मात्र कडकडीत घालावं. काम चिवट. एकटीनं करायला बसलात तर मान आखडेल, तेव्हा चार हात गोळा करूनच बसा. त्या रात्री आम्ही दोघी नि चिरंजीव असे बसलो आणि हात चालू असताना काहीतरी बघायला हवं म्हणून सूनबाईंनी हा सिनेमा लावला. मुलाच्या एका मित्रानं अमेरिकेहून आणलेली तबकडी होती, ती संगणकावरच चालत होती. हे कोपऱ्यातल्या खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसले होते. म्हणजे बघत नव्हते. निदान तसं दाखवत होते.

गोष्ट साधी आहे. मातुशेक नावाच्या मालकाचं दुकान. त्यातला हुशार विक्रेता क्रालिक. हे काम जेम्स स्ट्युअर्टनं केलंय. उन्हाळ्यात एक मुलगी नोकरी मागायला येते, क्लारा. ही मार्गारेट सुलवन. मालकाच्या मनात एक सिगारेटची पेटी भरलेली असते, उघडली की गाणं वाजवणारी. क्रालिक म्हणतो, असली भिकार वस्तू घेऊ नका. आणि क्लारा नोकरीच्या गरजेपायी तीच पेटी एका गिऱ्हाईक बाईला गोळ्या-चॉकलेटांची म्हणून विकून दाखवते! दर वेळी झाकण उघडलं की गाणं वाजणार, म्हणजे आपण गोड किती खातोय त्याची आठवण राहील, हे तिचं विक्रीचं कौशल्य. नोकरी मिळते, आणि क्रालिकशी वैर जुळतं ते जुळतंच. सहा महिने दोघं एकमेकांना पाण्यात पाहतात.

आणि त्याच सहा महिन्यांत दोघांचाही वेगवेगळा एक पत्रव्यवहार चालू असतो. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीवरून जमलेला, निनावी. टपाल कचेरीतल्या २३७ नंबरच्या खणात पत्रं यायची. पुस्तकं, विचार, मनातलं हळवं काय ते सगळं त्या पत्रांत. तुमच्या लक्षात आलंच असेल. ज्याच्याशी दिवसभर भांडायचं, त्यालाच रात्री "प्रिय मित्रा" म्हणून लिहायचं, आणि दोघांनाही पत्ता नाही.

या गोष्टीत हसू तर आहेच. पण मला पहिल्याच वेळी धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. या माणसांना नोकरीची भीती आहे. प्रेमाच्या सिनेमात सहसा कुणाला पगाराची फिकीर नसते, बंगला असतो, मोटार असते. इथे प्रत्येक जण मालकाच्या चेहऱ्याकडे बघून बोलतो. पिरोविच म्हणून एक प्रौढ कारकुनासारखा गृहस्थ आहे, बायको नि दोन मुलं असलेला. मालक जेव्हा जेव्हा म्हणतो, "मला तुमचं प्रामाणिक मत हवंय," तेव्हा तेव्हा हा पिरोविच जिन्याकडे पळतो. एक शब्द न बोलता. एकदा, दोनदा, परत एकदा.

पहिल्या पळण्याला आम्ही तिघं हसलो. दुसऱ्या पळण्याला वर्तमानपत्रामागून हसू आलं. पेपर खाली आला आणि हे म्हणाले, "हा माणूस आमच्या ऑफिसात होता." मग थोड्या वेळानं, थेट सूनबाईंकडे बघून, "जरा मागे घे गं ते. पळतो ते परत दाखव."

चार महिन्यांतलं ते पहिलं सरळ वाक्य. सूनबाईंच्या हातातली गोळी काट्यावरच राहिली.

ह्यांचं ऑफिस म्हणजे परळच्या एका कापड गिरणीची कचेरी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले हे सगळ्यांना ठाऊक आहे. कचेरीतल्या बाबू लोकांचं काय झालं, ते फारसं कुणी लिहीत नाही. हे संपात नव्हते, पण गिरणीच बंद तर पगार कुठला? त्यापूर्वी सुद्धा साहेबानं मत विचारलं की कोण कसं फायली घेऊन उठायचं, याच्या नकला हे घरी करून दाखवत. संपानंतर नकला थांबल्या. पाच महिने आम्ही भांड्याकुंड्यांवर काढले. मुलगा चार वर्षांचा. जूनमध्ये मी ह्यांना न विचारता माझ्या पाटल्या विकल्या आणि भाडं, वाणी, दूधवाला, सगळ्यांची देणी फेडली. मला वाटलं होतं, सुटल्यासारखं होईल. ह्यांना तो अपमान वाटला. दोन दिवस अबोला, आणि तिसऱ्या दिवशी हे सुरतेला गेले. तिथे एका कापड रंगवण्या-छापण्याच्या कारखान्यात हिशेबनिसाची जागा ओळखीनं मिळाली होती. गाडीत बसताना म्हणाले, "खिडकीची कडी नीट लावत जा." एवढंच.

आणि मग पत्रं यायला लागली. निळी अंतर्देशीय पत्रं, आतबाहेर गच्च लिहिलेली. मैत्रिणींनो, मी हबकलेच! लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि हा माणूस मला माहीतच नव्हता. खानावळीतल्या गोड वरणाबद्दल लिहायचे, तापी नदीच्या पुराबद्दल लिहायचे, मुलाचा दात पडला का, मला संध्याकाळी घर कसं वाटतं असं विचारायचे. तिसऱ्या का चौथ्या पत्रात पाटल्यांबद्दल होतं. ते काय होतं ते इथे लिहीत नाही. दोन वर्षांनी हे परत आले, मी नटूनथटून मुलाला घेऊन बॉम्बे सेंट्रलला गेले, आणि गाडीतून उतरल्या उतरल्या पहिलं वाक्य कानी पडलं, "टॅक्सी कशाला केलीस? बस नव्हती?"

पत्रातला नवरा सुरतेलाच राहिला, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. म्हणूनच क्लाराचं मला लगेच पटतं. पत्रातल्या माणसाला भेटायला ती कॅफेत जाऊन बसते, खूण म्हणून 'अ‍ॅना कॅरेनिना' पुस्तक आणि त्यात लाल कार्नेशनचं फूल. नेमकं त्याच दिवशी क्रालिकची नोकरी गेलेली असते. मालकाला वाटतं, आपल्या बायकोचं लफडं क्रालिकशीच आहे. खरा माणूस निघतो दुसराच, दुकानातला तो छानछोकी, तोंडपुजा वादाश. नोकरी गेलेला क्रालिक काचेतून आत बघायचं धाडस करत नाही, पिरोविचला बघायला लावतो. आणि पिरोविच जे हळूहळू सांगतो ना, की मुलगी दिसायला साधारण आपल्या दुकानातल्या क्लारासारखी आहे, तुला ती आवडत नसेल तर ही पण आवडायची नाही, ते ऐकताना आमच्याकडे दर वर्षी कुणीतरी पुढचं वाक्य आधीच बोलतं आणि बाकीचे त्याला गप्प बसवतात.

क्रालिक आत जातो. पण सांगत नाही. आणि ती, आपली वाट बघणं मोडलं म्हणून चिडलेली, त्याला अशी टाकून बोलते की तो क्षुद्र कारकून आहे म्हणून! नोकरी गेलेल्या दिवशी. इथे मी दर वेळी ह्यांच्याकडे बघायचं टाळते.

दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच हा बर्लिनचा, शिंप्याचा मुलगा; तरुणपणी वडिलांच्या दुकानात काम केलेला. दुकानात मालकाची मोटार थांबली की नोकरांच्या पाठी कशा ताठ होतात हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तो ज्यू होता, आणि हा सिनेमा हॉलिवूडच्या स्टुडिओत उभा राहत होता तेव्हा १९३९ साल संपत आलं होतं, युरोपात महायुद्ध पेटलेलं होतं. पिरोविच झालेला फेलिक्स ब्रेसार्ट हाही जर्मनी सोडून आलेला. ज्या नाटकावरून गोष्ट घेतली त्याचा लेखक मिक्लोश लास्लो बुडापेस्टहून अमेरिकेला निघून गेलेला. सुटलेल्या गावाचं दुकान या सगळ्यांनी मिळून मांडलं, त्यात बर्फ पाडलं, नाताळ आणला. आणि युद्धाचा एक शब्द सुद्धा त्यात नाही. ही माहिती मला मुलानं सांगितली, त्यानंतर तो दुकानाबाहेरचा रस्ता मला जरा वेगळा दिसायला लागला.

याच गोष्टीवर १९९८ साली 'यू हॅव गॉट मेल' निघाला, तो तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल. सूनबाई कॉलेजात असताना तो पाहूनच या जुन्या सिनेमाच्या मागे लागली. माझं विचाराल तर मला नवा तितकासा रुचत नाही. त्यात नायकाच्या मोठ्या दुकानापायी नायिकेचं छोटं दुकान बंद पडतं आणि शेवटी तीच त्याच्या गळ्यात पडते. बंद पडलेली गिरणी पाहिलेल्या बाईला ते पचायला जड जातं. सूनबाई म्हणते, "आई, तुम्ही उगाच मनावर घेता." असेल.

आमच्या ह्यांचा आवडता प्रसंग म्हणजे क्रालिक पिरोविचला लग्नानंतरच्या खर्चाचं विचारतो तो. तीन खोल्यांचं घर घ्यावं का? पिरोविच म्हणतो, तीन कशाला? जेवायला स्वयंपाकघर आहे. पाहुणे आले तर? तू काय राजदूत आहेस का? खरा मित्र असला तर तो जेवणं झाल्यावर येतो! आमच्या गिरगावातल्या दोन खोल्या आठवून हे दर वेळी पोट धरून हसतात. सूनबाईंचे वडील एका वर्षी आले होते, तेही हसले, आणि दोन व्याह्यांमध्ये त्या रात्री भाड्याच्या खोल्यांवर एक वाजेपर्यंत गप्पा रंगल्या. नाताळच्या मिस्सेची वेळ टळायची बाकी राहिली होती.

माझा प्रसंग वेगळा आहे. कॅफेतल्या त्या फजितीनंतर क्लारा टपाल कचेरीत जाते. आपल्याला खणाच्या आतली बाजू दिसते. दार उघडतं, हातमोजा घातलेला हात आत येतो, चाचपतो, पत्र नसतं. मग तिचा चेहरा त्या चौकोनात दिसतो. काही सेकंदांचंच दृश्य. तेवढ्यासाठी मी कुलकुल खाली ठेवते.

गेल्या वर्षी तो हात खणात चाचपत असताना हे एकदम म्हणाले, "सुरतेला एकदा पंधरा दिवस तुझं पत्र आलं नव्हतं."

सिनेमा चालूच होता. मुलं पुढे बसली होती, त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. हे टीव्हीकडे बघतच बोलले. "खानावळीच्या मालकाला रोज विचारायचो. नंतर नंतर मी आत गेलो की तोच लांबून मान हलवायचा."

मला ठाऊक आहे ते कोणते पंधरा दिवस. पाटल्यांबद्दलचं पत्र आलं त्यानंतरचे. त्या पत्राला काय उत्तर लिहावं ते मला सुचेना. रोज दुपारी अंतर्देशीय उघडून बसायची आणि बंद करायची. शेवटी वाण्याच्या बिलाचं, मुलाच्या खोकल्याचं असं लिहून टाकून दिलं आणि पाटल्यांचा विषय गाळला. पलीकडे कुणी रोज वाट बघतंय, हे एवढ्या वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आपली समजत होते की पत्रातला माणूस सुरतेला राहिला. आणि त्याला काय वाटलं असेल? हिनं ते पत्र वाचलं आणि हिच्यावर काही परिणामच झाला नाही, हेच ना?

त्यातून आणखी एक. १९८५ साली कशावरून तरी आमचं वाजलं होतं. त्या भरात मी म्हणून गेले होते, "तुमची पत्रं? ती केव्हाच बंबात घातली!" हे त्यावर काहीच बोलले नाहीत. मीही नंतर खुलासा केला नाही. आधी राग म्हणून, मग लाज म्हणून, मग विषय निघाला नाही म्हणून. वर्षं अशीच जातात.

पत्रं आहेत, मैत्रिणींनो. माझ्या माहेरच्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी, जुन्या जरीच्या पोलक्याखाली. एकोणतीस आहेत. त्यांना कसर लागू नये म्हणून मी सुती फडक्यात बांधून वेखंडाचे तुकडे घालून ठेवली होती. तुम्हीही जुनी पत्रं, दाखले ठेवत असाल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, पावसाळ्यात आत ओल धरते. अंतर्देशीय घड्यांवर फाटतं. घड्या उलगडून, मध्ये कोरा कागद ठेवून सपाट ठेवलं तर पुष्कळ टिकतं. चिकटपट्टी मात्र अजिबात लावू नका, ती पिवळी पडते आणि अक्षरं खाते. माझ्या दोन पत्रांचं तसं झालंय.

सिनेमात शेवटी नाताळच्या आदल्या संध्याकाळी दुकानात तोबा गर्दी होते. मरता मरता वाचलेले मातुशेकशेठ विक्रीचा आकडा ऐकतात, सगळ्यांना बक्षीस वाटतात, आणि मग रात्री जेवायला बरोबर कुणीच नाही म्हणून एकेकाला आडून आडून विचारत राहतात. ज्याला त्याला घरी जायचं असतं. शेवटी नवाच लागलेला पोऱ्या भेटतो, या शहरात ज्याचं कुणी नाही असा. त्याला घेऊन जातात आणि हंसाच्या भाजणीपासून सफरचंदाच्या गोडापर्यंत काय काय खायचं त्याची यादी वाचतात. आत दुकानात दिवे मालवत क्रालिक क्लाराला आधी खूप छळतो. तुझा पत्रमित्र मला भेटून गेला. जाडा आहे, टक्कल पडलंय, बेकार आहे, तुझ्या पगारावर जगणार म्हणतो, असं काहीबाही सांगतो. मग कोटावर लाल फूल लावतो. ती त्याला विजार वर करून पाय दाखवायला लावते, कारण पूर्वी कधीतरी ती त्याला फेंगड्या पायांचा म्हणालेली असते. पाय सरळ निघतात. संपलं.

इतकी वर्षं बघून सुद्धा मला एक कळत नव्हतं. क्रालिकला तर बरंच आधी कळलेलं असतं, मग तो लगेच का सांगत नाही? आता वाटतं, त्याला कळलेलं असतं पण तिनं आपल्याला टाकून बोललेलंही आठवत असतं. मध्ये ती आजारी पडते, तो भेटायला जातो, आणि त्याच्याचसमोर ती त्याचंच पत्र वाचून टवटवीत होते. तेव्हा कुठे त्याला धीर येतो. आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचताना पाहिलं, की येत असावा.

२०२० साली मुलं त्यांच्या घरी आणि आम्ही आमच्या घरी अडकलो होतो, तेव्हा दोन्हीकडे एकाच वेळी सिनेमा सुरू करून फोनवर एकमेकांचं हसू ऐकलं होतं. यंदा सगळे इकडेच येणार आहेत. नातीला या वर्षी कुलकुलाचा काटा हातात द्यायचाय. सूनबाईंचा परवा फोन आला होता, मैदा किती आणू विचारायला. एक किलो सांगितलाय. ह्यांना ऐकू कमी येतं, म्हणून खाली अक्षरं येतात तशी सोय मुलानं करून ठेवली आहे, मोठ्या अक्षरांत.

ट्रंक मी काल दुपारी, हे झोपले असताना, खाली काढली. पत्रं उन्हात नाही, पंख्याखाली वाळवली. वरचंच पत्र पाटल्यांचं निघालं. चोवीसच्या रात्री तो हात खणात चाचपायला लागला की त्याच्या आधी मला उठायचंय, आणि गठ्ठा ह्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवायचाय. त्यापुढचं काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.